मुक्कामी गाडीवरची हरकत

उमापूर,
९ मे २०२५

प्रति,
श्रीमती शिवगंगा विलास ओव्हाळ,
जिल्हा हरित वाहतूक कक्ष, बीड.

विषय : इलेक्ट्रिक बसच्या आराखड्यावर हरकत.

मॅडम,

आराखड्यावर कुणाची हरकत असेल तर लेखी द्या, असं पेपरात छापून आलं. खाली नाव तुमचं. त्या कक्षाला दुसरं माणूस मिळालं नसावं. सख्ख्या बहिणीला ‘मॅडम’ म्हणताना जीभ अडखळते, पण ती बहीण अकरा वर्षांपूर्वी आमच्या उंबऱ्यावरून उठून गेली, तेव्हा चालवून घ्या.

हरकत अशी. उमापूरला रोज संध्याकाळी एसटीची मुक्कामी गाडी येते. ड्रायव्हर-कंडक्टर मठाच्या ओसरीवर झोपतात, त्यांच्या भाकरीची पाळी घरोघर फिरते आणि पहाटे तीच गाडी गेवराई करून बीडला जाते. तुमच्या आराखड्यात ही गाडी नाही. का, तर इलेक्ट्रिक बस रात्रभर चार्जिंगला लावावी लागते आणि चार्जर आगारात. म्हणजे बस रात्री गेवराईला झोपणार आणि उमापूरला पहिली गाडी पावणेनऊला उगवणार. तोवर कामावर जाणाऱ्यांनी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? धूर सोडत नाही म्हणून बसची आरती ओवाळत बसायचं?

मागणी सरळ आहे. जुनी मुक्कामी गाडी राहू द्या, नाहीतर चार्जर उमापूरला द्या. स्टँडला लागून माझी जागा आहे, ती घ्या. भाडं मात्र सरकारी दरानं द्यावं लागेल, फुकट वाटणाऱ्यांतला मी नाही.

माझ्या दारात दोन काळी-पिवळी जिपा आहेत हे तुम्ही काढणारच, म्हणून आधीच सांगतो. आमच्या घरचं कुणी त्या एसटीत पाय ठेवत नाही. मी गावासाठी भांडतोय. गाव म्हणजे काय, हे तुम्ही विसरला असाल तर विलासरावांना विचारा, तेही याच रस्त्यावरचे.

केदारनाथ बसवेश मिटकरी


बीड,
२१ मे २०२५

दादा,

तुझी हरकत मिळाली. शिक्का मारलेली प्रत तुला कार्यालयातून येईल. हे पत्र मात्र माझं घरचं. फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. माय गेली तेव्हाही तो बंदच होता. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला एका परक्या माणसानं सांगितलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

आता तुझ्या गावप्रेमाबद्दल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. एसटी यायची वेळ झाली की तिच्यापुढे जीप आडवी लावून “गेवराई, गेवराई” ओरडणारा तूच ना? एसटीचं गिऱ्हाईक पळवून पळवून दुपारच्या दोन फेऱ्या तुम्ही जीपवाल्यांनीच बंद पाडल्या. तुझी जीप भरल्याशिवाय जागची हलत नाही. बसायला जागा नसली की माणसं टपावर, टपही भरला की मागच्या पायरीवर. डिझेलचा धूर सगळ्या स्टँडभर. इलेक्ट्रिक बसच्या मार्गावर असल्या जिपांचे परवाने पुन्हा मिळणार नाहीत, हे आराखड्यातलं कलम तुला झोंबलंय आणि तू नाव घेतोस दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांचं.

पहाटेच्या गाडीबद्दल तर मला शिकवूच नकोस. कॉलेजची तीन वर्षं मी त्या गाडीनं काढली. मी दिसले नाही तर त्रिंबक कंडक्टर घंटी मारायचा नाही, ड्रायव्हरला म्हणायचा, “थांब बे जरा, मिटकऱ्याची पोरगी यायची हाय.” ती गाडी नसती तर मी आज या खुर्चीवर नसते. म्हणून तुझी हरकत मी वाचणार आहे आणि नीट वाचणार आहे. पहिल्या टप्प्यात आगाराबाहेर एकच चार्जर मिळणार आहे. उमापूर आणि तेलगाव, दोन्ही नावं माझ्यासमोर आहेत. बरोबर असेल तिथे जाईल. पण तुझ्या जागेवर सरकारी भाडं सुरू होईल हे स्वप्न सोड.

ईश्वरी आता मोठी झाली असेल. तिला तरी नीट शिकव.

शिवगंगा


उमापूर,
२ जून २०२५

शिवगंगा,

मॅडम म्हणायचं सोडून दिलं. मॅडमसारखं वागलीस तर म्हणेन.

माझ्या पोरीचं नाव तुझ्या पत्रात पुन्हा यायला नको. ती घरात आहे, सुखात आहे. तिची काळजी करायला तिचा बाप जिवंत आहे.

तीन वर्षं त्या गाडीनं गेलीस हे अभिमानानं सांगतेस? तू त्या गाडीनं कॉलेजला गेलीस आणि त्याच गाडीच्या मागच्या सीटवरून त्या विलासबरोबर आमच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासून गेलीस. अप्पांनी मठात जायचं सोडलं ते मरेपर्यंत. मला माझ्या लेकीसाठी सोयरीक बघताना अजून लोक विचारतात, “बहीण कुठं दिलीय तुमची?” काय सांगू? दिली नाही, गेली, असं सांगू?

आणि आता खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. परवा ग्रामसभेत मी हात वर करून सांगितलं, “माझी बहीण बसलीय तिथं, तरी मी मागं सरणार न्हाई. चार्जर आणतो न्हाईतर मिशी उतरवतो.” गावानं टाळ्या वाजवल्या. यंदा सरपंच कोण होणार ते लोक आत्ताच बोलायला लागलेत.

तू काय बघायचं ते बघ. मला माहीत आहे तुझी हिंमत किती. तू चार्जर उमापूरलाच देणार. नाही देऊन सांगतेस कुणाला? माहेर म्हणून तुझं मन आत कुढतंय ते मला इथे दिसतंय. गाव माझ्यामागे आहे. एवढीच बापाची लेक असशील तर गाडी बंद करून दाखव. मग मीही बघतो.

केदारनाथ


बीड,
२७ जून २०२५

दादा,

निर्णय झाला. चार्जर तेलगावला मंजूर केला. ऊस आणि कापसाचं गाव, रस्ता मोठा, वीज बरी. टिपणीत लिहायला कारणं भरपूर होती. उमापूरची मुक्कामी गाडी एक ऑगस्टपासून बंद. पहिली इलेक्ट्रिक बस सकाळी पावणेनऊला. तुझ्या हरकतीवर शेरा असा आहे : ‘हरकतदार स्वतः प्रवासी वाहतुकीचा व्यवसाय करतात व प्रस्तावित जागेचे मालक आहेत. हितसंबंध स्पष्ट असल्याने हरकत अमान्य.’ खाली सही माझी.

बंद करून दाखव म्हणाला होतास. दाखवली.

खोटं कशाला बोलू, सही करताना मला बरं वाटलं. अकरा वर्षं ज्या घरानं मला मेल्यात जमा धरलं, त्या घराचा मालक माझ्या टेबलासमोर मागणी घेऊन उभा होता आणि मी त्याला नाही म्हटलं. गावातल्या चार कामगारांची थोडी आबाळ होईल हे मला कळतं. त्यांनी तुझी जीप धरावी, तशी ती तू रोज भरतोसच. पुढच्या टप्प्यात उमापूरचं बघू. तोवर मिशी उतरवून मठाबाहेर बस.

शिवगंगा


उमापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

शिवगंगा,

आनंदाची बातमी कळवायला लिहितो. ईश्वरीचा साखरपुडा एक डिसेंबरला, सोमवारी दुपारी आमच्या दारात. मुलगा आपल्यातला, परळीकडचा, किराणाचं मोठं दुकान. आत्या म्हणून तुला आमंत्रण नाही, पण आभार मानायला हवेत. ही सोयरीक तुझ्यामुळे जुळली.

तुला ठाऊक नव्हतं ते आता ऐक. ईश्वरी गेल्या वर्षापासून बीडला नर्सिंगच्या कॉलेजात जात होती. दवाखान्यात सकाळची ड्युटी असते, आठला हजेरी. जात होती त्याच पहाटेच्या मुक्कामी गाडीनं. आमच्या घरचं कुणी एसटीत पाय ठेवत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. तसं लिहिलं नसतं तर तू गाडी बंद केली नसतीस.

तू म्हणशील, पोरीची शाळा तोडायची होती तर मीच का नाही तोडली. मायनं बांधून ठेवलं होतं मला. शेवटच्या दिवसांत तिनं माझा हात माझ्याच गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला आणि वदवून घेतलं, “ईश्वरीचं शिक्षान तू तुज्या हातानं बंद करायचं न्हाई.” तुझं झालं ते झालं, पण नातीनं शिकावं असा तिचा हट्ट. लिंगावर दिलेला शब्द मी मोडत नाही. पण त्याच गाडीत, त्याच मागच्या सीटवर माझी पोरगी रोज बसते आणि मी घरात बसून ते दिवस मोजतो, हेही मला सोसवेना. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

मग पेपरात तुझं नाव दिसलं. तुझा स्वभाव मला तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत. दादा पूर्वेला म्हणाला की शिवगंगा पश्चिमेला. मी गोडीत लिहिलं असतं, पोरीची अडचण सांगितली असती, तर तू रडत रडत चार्जर दिला असतास. म्हणून शिव्या घातल्या. जागेचं भाडं मागितलं. बंद करून दाखव म्हटलं. आणि तू दाखवलीस.

पोरगी म्हणाली, जीपनं जाते. माझ्या जीपमध्ये माझी पोरगी? मांडीला मांडी लावून माणसं बसतात त्यात, मला माहीत नाही होय? वर ती भरल्याशिवाय सुटत नाही, भरेपर्यंत आठ वाजतात. हजेरी पडली नाही. दसऱ्याच्या आत कॉलेजनं तिला घरी बसवली.

गावाला, मठाला, वर गेलेल्या मायला दाखवायला माझ्याकडे तुझ्या कार्यालयाच्या शिक्क्याची हरकत आहे. भाऊ भांडला, बहिणीनं नाकारलं. पोरीची शाळा तू तोडलीस, सही तुझी आहे. साप मेला आणि माझी काठीही मोडली नाही.

मिशी उतरवली. परत आली.

केदारनाथ


बीड,
२० नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र मी विलासना वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर कागद त्यांच्या हातात दिला. पुढचं त्यांनी वाचलं. मग ते उठून गॅलरीत गेले.

तू माणूस नाहीस. मायच्या शब्दाला फसवलंस. देवाला फसवता येतं असं समजणारी माणसं मी पाहिलीत, पण गळ्यातल्या लिंगाला वकिलासारखी पळवाट दाखवणारा तूच पहिला. स्वतःच्या पोरीचा पाय बहिणीच्या हातून मोडून घेतलास आणि वर आभार मानतोस!

आणि मी त्यात सापडले याची मला तुझ्यापेक्षा जास्त चीड येते. तू लिहिलंस ते सगळं बरोबर होतं. पहाटे माणसं असतात, पावणेनऊची गाडी त्यांच्या कामाची नाही, चार्जर उमापूरलाच हवा होता. हे मला पहिल्या वाचनात कळलं होतं. पण खाली तुझं नाव होतं, म्हणून मी ते खोटं ठरवलं. तेलगावच्या रस्त्याची, विजेची कारणं मी नंतर शोधली. हे मी समितीपुढे लेखी देणार आहे. त्यानं माझी बढती जाईल, जाऊ दे. पण समिती बसते एप्रिलमध्ये, त्याआधी एकही गाडी बदलता येत नाही. नियम मीच केलाय.

म्हणून एकच मागते. साखरपुडा थांबव. ईश्वरीला माझ्याकडे पाठव. माझ्या घरापासून तिचं कॉलेज चालत जाण्याएवढं आहे. प्राचार्यांच्या पाया पडेन, हजेरीचं बघेन. तुझ्या घरचं शिकलेलं माणूस तुला सोसत नसेल तर मी पोसते. माझ्याशी भांडायचं तर जन्मभर भांड, मला त्याची सवय आहे. पोरीला सोड.

थांबवलं नाहीस तर मी सोमवारी तिथे येईन. माहेरच्या दारात उभी राहीन आणि तुझं हे पत्र पाव्हण्यांसमोर वाचेन.

शिवगंगा


उमापूर,
२६ नोव्हेंबर २०२५

शिवगंगा,

ये. कशानं येणार? तुझ्या पावणेनऊच्या बसनं? स्टँडवर माझी माणसं असतील, दारापर्यंत पोचशील का बघ.

तुझ्या घरी पोरगी पाठवू? ज्या घरात गेल्यावर तू आम्हाला मेलीस, त्या घरात? हसावं की रडावं तेच कळेना. तुझी सगळी पत्रं, गाडी बंद केल्याचं आणि हे परवाचंही, मी ईश्वरीसमोर टाकली. म्हटलं, बघ तुझी आत्या काय लायकीची आहे. दाखवली, असं तुझ्याच अक्षरात आहे. तिनं दोनदा वाचलं. तुमचीही पत्रं दाखवा म्हणाली, म्हणून त्यांच्या माझ्याकडच्या नकलाही दिल्या. बाप काय करू शकतो हेही लेकीला माहीत असावं.

पोरगी समजदार आहे, शेवया करायला बसलीय आईबरोबर. समिती एप्रिलमध्ये बसव. एप्रिलमध्ये ती परळीला नांदत असेल.

केदारनाथ


३ डिसेंबर २०२५

पप्पा आणि आत्या,

हे एकच पत्र दोघांना पाठवतेय. एक प्रत उमापूरला, एक बीडला. तुम्ही दोघं वेगळं वेगळं लिहिण्याच्या लायकीचे राहिला नाहीत.

सोमवारी सकाळी शेवयांचं ताट वाळवायला गच्चीवर नेते म्हणून मी मागच्या जिन्यानं उतरले आणि पावणेनऊच्या इलेक्ट्रिक बसमध्ये बसले. पप्पांची माणसं स्टँडवर होती, पण ती बसमधून उतरणारी बाई शोधत होती. चढणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बस चांगली आहे. आवाज नाही, हादरे नाहीत. आत मी आणि गेवराईच्या कोर्टात निघालेले दोन म्हातारे, एवढेच. पहाटेच्या गाडीत उभं राहायला जागा नसायची.

पप्पा, मागच्या सीटवर माझ्याबरोबर कोण बसायचं ते एकदा तरी विचारायचं होतं. दिपाली बसायची. आम्ही दोघी शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायचो, गेवराई येईपर्यंत कवटी संपायची. पुढे यशोधराताई, त्या दवाखान्यात स्वयंपाकाला जायच्या. ऑगस्टमध्ये त्यांचं काम गेलं. हनुमानकाका डायलिसिसला जायचे. ते आता बीडला मेव्हण्याच्या ओसरीवर राहतात. दिपालीनं बीडला मावशीची खोली धरली, म्हणून तिचं कॉलेज वाचलं. तुमच्या सगळ्या पत्रांत यांतलं एकही नाव नाही. ओसरीवर झोपणारा ड्रायव्हर आहे, मिशी आहे, अप्पा आहेत, मायचा शब्द आहे. गाडीत बसणारं माणूस कुठेच नाही. तुमचं वैर तुमचं, पण वड्याचं तेल वांग्यावर काढलंत आणि ते वांगं मी.

पप्पा, मला जीपमध्ये बसू दिलं नाहीत कारण आत काय चालतं ते तुम्हाला माहीत होतं. मग गावातल्या बाकीच्या मुली कुणाच्या आहेत? त्या रोज बसतात, तुम्ही पुढे बसून त्यांना “सरका, सरका” म्हणता. परळीच्या लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. खोटं सांगायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

आत्या, तुम्ही रागावलात, रडलात, मला घरी ठेवते म्हणालात. मला पप्पांपेक्षा तुमचाच राग जास्त आहे. ते पहिल्यापासून मला गाडीत बसू द्यायला तयार नव्हते. तुम्ही त्या गाडीत बसून गेला होतात. मी लहान असताना माय मला रोज सांगायची, “तुजी आत्या याच गाडीनं साहेब झाली.” ते ऐकून मी फॉर्म भरला होता. मी तुमच्या घरी येणार नाही. मी कुठे आहे ते दोघांनाही सांगणार नाही. प्राचार्यांना भेटले, ज्या बॅचमधून काढलं त्याच बॅचमध्ये मला परत बसायचंय, त्या बघते म्हणाल्या. नाही झालं तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून करीन.

सोमवारी बसमधून उतरून मी आधी तुमच्या कार्यालयात आले होते, आत्या. मला वाटलं होतं तुम्ही साखरपुडा मोडायला उमापूरला निघाला असाल. पण तुम्ही टेबलाशीच होता. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. मी माझी हरकत तुमच्या समोर ठेवली, उमापूरची मुक्कामी गाडी परत सुरू करा म्हणून, हरकत घेणारी ईश्वरी केदारनाथ मिटकरी, प्रवासी. तुम्ही फोनवर बोलत होता, एप्रिलच्या बैठकीचं काहीतरी. वर न बघता तुम्ही कागदावर शिक्का मारला.

“पत्ता नीट लिहिलाय ना?” एवढं विचारलंत.

मी म्हटलं, “हो.”

“मग उत्तर घरी येईल,” म्हणालात आणि पुढच्याला बोलावलंत.

कागदावर उमापूरचा पत्ता आहे. मी आता तिथे राहत नाही.

ईश्वरी